वाळवंटी रॅलीसाठी दणकट गाडी: निवडण्यापासून रोज तळावर पोचण्यापर्यंत

डाकार रॅली जिंकणारी गाडी समोर ठेवून स्वतःच्या तयारीला लागू नका. २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षं प्यूजोने ही रॅली जिंकली, ती फक्त मागची चाकं ओढणाऱ्या बग्गीवर. २०२४ मध्ये कार्लोस साइन्झ जिंकला त्या ऑडीची चाकं विजेच्या मोटारींवर फिरत होती आणि पेट्रोल इंजिन होतं ते बॅटरी चार्ज करायला. असल्या गाड्या शोरूममध्ये मिळत नाहीत. त्यांच्यामागे सुट्या भागांनी भरलेले ट्रक आणि मेकॅनिकांची फौज असते.

आपल्या उपयोगाची गाडी वेगळी. भक्कम चासी, लो गिअर असलेली खरीखुरी फोर बाय फोर, साधं इंजिन. तिच्याकडून वेगाची अपेक्षा ठेवायची नाही. तिने रोज संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर तळ गाठायचा आणि सकाळी पुन्हा निघायचं, असं दोन आठवडे. काम सोपं वाटतं, पण २६ डिसेंबर १९७८ रोजी डाकार रॅलीचा जनक थिएरी साबीन याने पॅरिसहून पहिली रॅली सुरू केली तेव्हा गाड्या आणि मोटरसायकली मिळून १८२ निघाल्या आणि सेनेगलमधल्या डाकारला ७४ पोचल्या. त्यात गाड्यांमध्ये पहिली आलेली रेंज रोव्हर. ही रॅली पुढे आफ्रिकेतून २००९ मध्ये दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात गेली. जागा बदलली, तरी निघणारे आणि पोचणारे यांच्या आकड्यांतला फरक काही मिटला नाही.

या लेखात उदाहरण धरलंय टोयोटा लँड क्रुझरच्या ७० मालिकेचं. बऱ्याच गोष्टी जिप्सीला किंवा थारलाही तशाच लागू पडतील.

आधी गट ठरवा, मग गाडी

बहुतेक हौशी मंडळी उलटं करतात. गाडी घेतात, तिला दिवे आणि बंपर लावतात आणि नंतर नियमावली उघडतात. डाकारमध्ये चारचाकींचे गट वेगवेगळे आहेत. सगळ्यात वर अल्टिमेट, म्हणजे रॅलीसाठीच जन्मलेल्या गाड्या. स्टॉक गटात कारखान्यातून निघणारी गाडी थोड्या बदलांसह उतरते: सुरक्षेसाठी लोखंडी पिंजरा, पट्टे, टाकी, शॉकअब्सॉर्बर वगैरे बदलता येतं, मूळ सांगाडा बदलता येत नाही. टोयोटा ऑटो बॉडीचा संघ १९९५ पासून डाकारला लँड क्रुझर उतरवतोय आणि स्टॉक गटात त्यांनी वर्षानुवर्षं दबदबा ठेवला. २०२६ मध्ये लँड रोव्हरची डिफेंडरही याच गटात आली.

तिसरा पर्याय डाकार क्लासिकचा, २०२१ पासून सुरू झालेला. इथे जुन्या काळातल्या गाड्या असतात आणि सगळ्यात आधी पोचणारा जिंकतोच असं नाही. ठरवून दिलेली सरासरी गती राखायची. उशीर झाला तरी दंड, लवकर पोचलात तरी दंड. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये याच क्लासिकमध्ये लँड क्रुझर घेऊन उतरले, सोबत फ्रेंच सहचालक होता. माझ्या मते नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. गाडी मोडायची कमी आणि शिकायचं जास्त, असा हा प्रकार आहे.

७० मालिकेची लँड क्रुझर भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. त्यामुळे डाकारचा विचार असेल तर युरोपातल्या एखाद्या संघाकडून तयार गाडी भाड्याने घेणं व्यवहार्य ठरतं. इथून गाडी नेणं, कागदपत्रं, जहाज, विमा या सगळ्यांत कंबरडं मोडतं. राजस्थानातल्या रॅलीसाठी मात्र घरचीच गाडी हवी. तिथे वर्षानुवर्षं जिप्सीने राज्य केलं, कारण एकच: जेमतेम टनभर वजन. परवान्याचं काम एफएमएससीआय या देशातल्या मोटारस्पोर्ट संघटनेकडून होतं, ते आधी उरकून घ्या.

हीच गाडी का

१९८४ मध्ये आलेली ७० मालिका अजूनही बनते. तिच्या एचझेडजे७८ या लांब मॉडेलात ४.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन येतं. ताकद आजच्या छोट्या एसयूव्हीच्या आसपास. चालवायला बसलात तर पहिल्या तासात निराश व्हाल. पण त्याचा डिझेल पंप यांत्रिक आहे, त्यावर कॉम्प्युटर नाही. सेन्सर बिघडला म्हणून गाडी वाळूत मान टाकून उभी राहिली, हा प्रकार इथे होत नाही. मागे पोलादी पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि ९० लिटरच्या दोन टाक्या. आफ्रिकेतल्या मदतसंस्था आणि ऑस्ट्रेलियातल्या खाणी या गाडीवर चालतात, त्यामुळे तिचे भाग आणि तिला ओळखणारा मिस्त्री आडगावातही सापडतो.

दणकट गाडी म्हणजे न मोडणारी गाडी नव्हे. सगळ्याच मोडतात. दणकट ती, जी मोडायच्या आधी आवाज करून सांगते आणि मोडल्यावर पान्हा, जॅक आणि वेल्डिंगच्या जोरावर उभी राहते. गाडी निवडताना इंजिनाच्या ताकदीआधी एक प्रश्न विचारा: हिचा कोणता भाग रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात मला बदलता येणार नाही? त्या यादीतल्या भागांवर पहिला खर्च करा.

वजनकाट्यावर न्या

पूर्ण भरलेली गाडी, चालक आणि सहचालक आत बसवून, ट्रकच्या वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं वेगळी तोला, मागची वेगळी. हे काम शंभरात पाच जणही करत नाहीत आणि पाटे तुटले की कंपनीला शिव्या घालतात.

हिशेब करून बघा. १८० लिटर डिझेल म्हणजे साधारण १५० किलो. दोन स्टेपन्या, रिमसकट, ७५ किलोच्या आसपास. पाणी, हत्यारं, जॅक, सुटे भाग, पिंजरा, दोन माणसं. बघता बघता सहाशे किलो होतात, आणि ते सगळे वाळूत तुम्हीच ओढणार. डिफेंडरच्या रॅलीगाडीत मागे ५५० लिटरची टाकी बसवावी लागली, कारण तिचं पेट्रोल व्ही-८ इंजिन वाळूत तितकं पितं. डिझेलचा फायदा इथे दिसतो.

छपरावर काही ठेवू नका. छायाचित्रात छान दिसणारं कॅरिअर तिरक्या उतारावर गाडी पालथी करतं. जड वस्तू खाली, दोन्ही अॅक्सलच्या मधे, पट्ट्याने आवळून. आत सुटा पडलेला पान्हा गाडी उलटल्यावर कुणाच्या डोक्यात जाईल ते सांगता येत नाही. इंधनाचा हिशेब रस्त्याच्या अॅव्हरेजवर करू नका. मऊ वाळूत ते निम्म्यावर येतं असं धरा आणि वर दहा टक्के ठेवा.

पाटे, शॉकअब्सॉर्बर, हवा आणि थंडावा

पाटे कडक करून घेण्याची आपल्याकडे खोड आहे. ट्रकवाल्याकडून दोन पान जास्त घालून आणलं की गाडी उंच दिसते आणि मालक खूश. पण कडक पाट्यांवर चाक खड्ड्यात उतरतच नाही, गाडी उडते आणि सगळा मार शॉकअब्सॉर्बरवर व चासीच्या जोडांवर येतो. पाटे भरलेल्या वजनाला साजेसे ठेवा आणि पैसे चांगल्या शॉकअब्सॉर्बरवर घाला. तासन्‌तास खडबडीत वाटेवर त्यांतलं तेल तापतं, पातळ होतं आणि मग गाडी होडीसारखी डुलायला लागते. जास्त तेल मावणारे, शक्यतो तेलाची वेगळी बाटली असलेले शॉकअब्सॉर्बर घ्या. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या दिवसानंतर पुन्हा आवळावे लागतात, नवे असतील तर नक्कीच.

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा देणारी नळी, पाण्यासाठी असतो असा समज आहे. वाळवंटात तो धुळीसाठी लागतो. पुढच्या गाडीच्या धुळीचा दाट थर जमिनीलगत असतो, छपराच्या उंचीवर हवा त्यामानाने स्वच्छ. एअर फिल्टर दाबाच्या हवेने झटकायचा तो आतून बाहेर, आणि दाब कमी ठेवून. त्याच्या रबरी कडेवर बोट फिरवून बघा: आतल्या बाजूला धूळ लागली तर फिल्टर नीट बसत नाही आणि सिलिंडर घासले जात आहेत. सोबत तीन-चार नवे फिल्टर असू द्या, झटकत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतात.

इंजिन तापण्याचं एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही: मागून येणारा वारा. टेकडी हळू चढताना वारा पाठीमागून असला तर रेडिएटरमधून हवा जातच नाही. काटा वर जाऊ लागला की गाडी वळवून नाक वाऱ्याकडे करा, इंजिन चालूच ठेवा, एसी बंद. लगेच चावी फिरवून इंजिन बंद केलंत तर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतं आणि हेडमधली उष्णता तिथेच कोंडते.

टायरातली हवा

आता मुख्य भाग. वाळूत गाडी इंजिनावर चालत नाही, टायरातल्या हवेवर चालते.

रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर वाळूत १८ वर आणा. टायर खाली बसतो आणि जमिनीवरचा त्याचा ठसा लांब होतो. रुंदी फारशी वाढत नाही, लांबीच वाढते. म्हणून रुंद टायरापेक्षा उंच टायर वाळूत बरा. ठसा लांब झाला की वजन पसरतं आणि चाक वाळू कापण्याऐवजी तिच्यावरून जातं. १८ वर गाडी रडू लागली तर १५. अगदीच रुतलात तर १२, पण त्यानंतर स्टिअरिंग जोरात वळवायचं नाही, कारण एवढ्या कमी हवेत टायर रिमवरून निसटतो. रिमवर टायर परत चढवायला वाळूत तासभर जातो आणि मनाचा ताबा सुटतो तो वेगळा.

हवा मोजायची टायर गार असताना. दुपारी तापलेल्या टायरात चार-पाच पीएसआय जास्त दिसतात. ते बघून हवा सोडलीत तर संध्याकाळी टायर गरजेपेक्षा मऊ झालेला असतो.

पेच असा की रॅलीची वाट फक्त वाळूची नसते. सौदीत वायव्येकडे अल-उलाच्या बाजूला धारदार दगड आणि आग्नेयेला रब-अल-खालीची वाळू. मऊ टायर घेऊन दगडात घुसलात तर टायरची बाजूची भिंत चिरते, आणि तिथलं पंक्चर निघत नाही. म्हणून दगड सुरू व्हायच्या आधी थांबून हवा भरायची. चांगला कंप्रेसर असला तरी चार टायरांना वीस-एक मिनिटं लागतात. शर्यतीच्या नादात ही मिनिटं वाचवणारा पुढे दोन स्टेपन्या संपवून बसतो.

टेकडी कशी चढायची

चढायच्या आधी थांबा, उतरा, चालत वर जाऊन पलीकडे काय आहे ते बघा. सराव करताना तरी हे टाळू नका. वाळूच्या टेकडीची एक बाजू वाऱ्याकडची, घट्ट आणि निवांत चढाची. दुसरी बाजू उभी आणि भुसभुशीत. मधली धार कुठे आहे ते सावलीवरून कळतं, आणि भर दुपारी सावलीच नसते. सकाळची वाळू गार आणि घट्ट, दुपारची सैल. तासाभराच्या फरकाने तीच टेकडी वेगळी होते.

गिअर खालीच निवडा, चढताना बदलायची वेळ येऊ नये. गती सपाटीवर घ्यायची, चढावर नव्हे. चढ सरळ घ्या. तिरपं गेलात की खालच्या बाजूची चाकं रुततात आणि गाडी कलंडते. धार जवळ आली की पाय उचला, म्हणजे नाक धारेवरून हळू खाली येईल. जोर तसाच ठेवलात तर गाडी हवेत, आणि पलीकडे नाकावर. जोर आधीच काढलात तर पोट धारेवर टेकून चारही चाकं लोंबकळतात. मधला क्षण सरावाने येतो, वाचून नाही.

चढ अर्धवट राहिला तर वळवायचा विचारही करू नका. रिव्हर्समध्ये, आलेल्याच चाकोरीतून, सरळ खाली. उतरतानाही सरळ, पहिल्या-दुसऱ्या गिअरात, ब्रेकला पाय न लावल्यासारखं. शेपटी एका बाजूला सरकू लागली तर किंचित अॅक्सिलरेटर द्या, गाडी सरळ होते. थांबायचं तर उताराकडे तोंड करून थांबा.

चाक जागेवर फिरायला लागलं त्या क्षणी पाय काढा. आणखी तीन सेकंद रेटलंत तर अॅक्सल वाळूवर बसतो आणि दहा मिनिटांचं काम तासावर जातं.

रुतल्यावर

प्रथम फावडं. चारही चाकांच्या पुढची वाळू काढा, पोटाखालचीही, आणि चाकासमोर चढ नको, उतार हवा. मग हवा आणखी कमी. मग भोकांच्या पट्ट्या. हा प्रकार दुसऱ्या महायुद्धात तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी वापरलेल्या लोखंडी पत्र्यांवरून आला. आता त्या अॅल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या मिळतात. जॅकखाली ठेवायला जाड लाकडी पाट घ्या, नाहीतर जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच वाळूत जातो.

दुसऱ्या गाडीने ओढून काढायची वेळ आली तर दोर चासीला पक्क्या लावलेल्या हुकलाच अडकवा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कदापि नाही: तो तुटून गोळीसारखा सुटल्याने माणसं मेली आहेत. दोरावर मधोमध एखादी जड गोधडी किंवा जाकीट टाका आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू देऊ नका.

शेजारच्या सीटवरचा माणूस

अर्धी रॅली सहचालक जिंकतो किंवा घालवतो. रोडबुकात, म्हणजे संयोजकांनी दिलेल्या वाटेच्या टिपणात, नकाशा नसतो. अंतर, वळणाचं छोटं चित्र आणि दिशा अंशांत, एवढंच. धोक्याला उद्गारचिन्हं: एक म्हणजे सांभाळून, तीन म्हणजे जीवावरचं. पूर्वी रोडबुक आदल्या संध्याकाळी मिळायचं आणि मंडळी रात्री रंगीत पेनं घेऊन बसायची. आता ते सकाळी सुटताना मिळतं. वाटेत काही ठिकाणांवरून जाणं सक्तीचं असतं आणि गाडीतलं यंत्र त्यांच्या जवळ गेल्याशिवाय दिशा दाखवत नाही. साबीन स्वतः १९७७ मध्ये मोटरसायकलवर वाळवंटात चुकला होता आणि त्यातूनच या रॅलीची कल्पना निघाली, तेव्हा हरवणं हा या खेळाचा मूळ भागच आहे.

वाक्यं ठरवून घ्या आणि रोज तीच वापरा. “तीनशेवर तीन उद्गार, डावीकडे खड्डा, दोन गिअर खाली.” गप्पांची भाषा इथे चालत नाही. अंतर मोजणारं मीटर वाळूत चाकं घसरल्याने पुढे पळतं, म्हणून ओळखीची खूण आली की ते मागे-पुढे करून जुळवायचं. आणि रस्ता चुकल्याची शंका आली तर शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत परत. पुढच्या गाडीच्या चाकोरीवर विश्वास ठेवू नका, तीही चुकलेली असू शकते.

संध्याकाळची तपासणी

मॅरेथॉन टप्प्यांत बाहेरचा मेकॅनिक मिळत नाही. २०२४ मध्ये रब-अल-खालीत ४८ तासांचा टप्पा ठेवला होता: दुपारी चार वाजता जिथे असाल त्याच्या पुढच्या तळावर थांबायचं, तंबू आणि शिधा मिळायचा, संघ नाही. म्हणून हे काम स्वतःला यायलाच हवं.

तळावर पोचल्यावर आधी डिझेल भरून घ्या, आणि बॉनेट उघडून गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा. इंजिन बंद केल्या केल्या, गरम असतानाच, चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या. तीन कोमट आणि एक चटका देणारं असेल तर तिथलं बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक धरून बसलाय. मग शॉकअब्सॉर्बर. इथे उलटं: दिवसभर काम केलेला शॉकअब्सॉर्बर तापलेलाच हवा. तीन तापलेले आणि एक गार असेल, तर गारवाला मेलाय. तेल न गळताही मरतो, डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं.

महत्त्वाच्या प्रत्येक नट-बोल्टवर घरूनच पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून आणा, नटावरून थेट चासीवर जाणारी. संध्याकाळी टॉर्च घेऊन खाली झोपायचं आणि फक्त रेघा बघायच्या. रेघ तुटली असेल तो नट सैल. शंभर बोल्ट पान्ह्याने तपासायला दोन तास लागतात, रेघा बघायला दहा मिनिटं. पाट्यांमधलं प्रत्येक पान बोटाने चाचपा, तडा आधी कडेला जाणवतो. अॅक्सलमधली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरची नळी धुळीने बुजली असेल तर तेल सीलमधून बाहेर येतं, ती फुंकून घ्या. चासीवर जिथे शॉकअब्सॉर्बर बसतो तिथली धूळ फडक्याने पुसा: रंगात केसासारखी भेग दिसली तर तळावरच्या वेल्डरकडे त्याच रात्री.

मग झोपा. पाच तास तरी. गाड्या जितक्या इंजिनामुळे थांबतात, तितक्याच झोप न झालेल्या माणसामुळे टेकडीवरून खाली येतात.

सराव कुठे

महाराष्ट्रातून सरावाला जाण्याजोगी खरी वाळू जैसलमेरची. तिथल्या टेकड्या लहान आहेत, पण धार ओळखणं, हवा कमी करणं आणि रुतलेली गाडी काढणं शिकायला पुरेशा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, एकटी गाडी घेऊन कधीच नाही. पर्यटकांच्या उंटांपासून लांब राहा आणि स्थानिक माणूस सोबत घ्या: सीमेकडच्या पट्ट्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. राष्ट्रीय मरुउद्यानाच्या हद्दीत चाक घालू नका. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला ज्या माळढोकसाठी अभयारण्य केलं, त्याच पक्ष्याचा देशातला सगळ्यात मोठा आसरा आता हा परिसर आहे, आणि तो अंडी घालतो उघड्या जमिनीवर.

पहिल्या दिवशी फक्त एकाच टेकडीवर, चारी बाजूंनी, हवा ३०, २४, १८ आणि १५ ठेवून चढून बघा आणि प्रत्येक वेळी गाडी कुठपर्यंत गेली तिथे काठी रोवा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम रुतवा आणि दोघांनीच, तिसऱ्याची मदत न घेता, बाहेर काढा. घड्याळ लावून.